घोड्यांमधलं भ्रूण प्रत्यारोपण आणि कृत्रिम प्रजनन: पैदास करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चांगल्या घोडीचं रक्त पुढे न्यायचं आहे, पण ती स्पर्धेत उतरते आहे, किंवा वयामुळे गाभण राहत नाही, किंवा गाभण राहिली तरी शिंगरू टिकत नाही. अशा वेळी लोक भ्रूण प्रत्यारोपणाकडे वळतात. चौकशी बहुतेकदा दाता घोडीची, म्हणजे जिचा भ्रूण घ्यायचा तिची, आणि वीर्याची होते. ज्या घोडीच्या पोटात शिंगरू अकरा महिने वाढणार, तिच्याबद्दल फार थोडे लोक विचारतात. यशापयशाचा निम्मा हिशोब तिच्याकडेच असतो, म्हणून खाली तिच्याबद्दलचं उत्तर मुद्दाम लांब ठेवलं आहे.

भ्रूण प्रत्यारोपण म्हणजे नेमकं काय करतात?

दाता घोडीला निवडलेल्या पैदाशीच्या घोड्याच्या वीर्याने फळवतात. बीज सुटल्यानंतर सातव्या-आठव्या दिवशी तिचं गर्भाशय विशिष्ट द्रावणाने धुऊन आतला भ्रूण बाहेर काढतात. साधारण त्याच सुमारास बीज सुटलेल्या दुसऱ्या घोडीच्या, म्हणजे ग्राही घोडीच्या गर्भाशयात तो सोडतात. हिलाच सरोगेट म्हणतात. पुढचे अकरा महिने शिंगरू तिच्या पोटात वाढतं, तिचंच दूध पितं आणि तिच्याच मागे धावतं. आनुवंशिकता मात्र दाता घोडीची आणि पैदाशीच्या घोड्याची असते. ग्राही घोडीचा एकही जनुक शिंगरात येत नाही.

घोड्यांमध्ये याची सुरुवात १९७०च्या दशकात जपान आणि इंग्लंडमधल्या केंब्रिज इथल्या संशोधनातून झाली. सुरुवातीच्या काळात बऱ्याचदा पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. आता भ्रूण काढणं आणि सोडणं दोन्ही गर्भाशयमुखातून होतं. आज हे काम सर्वात मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना, ब्राझील आणि अमेरिकेत चालतं, आणि पोलोच्या घोड्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

माझ्या घोडीला याची खरंच गरज आहे का?

घोडी तरुण आहे, निरोगी आहे, दरवर्षी व्यवस्थित विते आणि तुम्हाला वर्षाला एकच शिंगरू हवं आहे, तर गरज नाही. तिला नेहमीच्या पद्धतीने फळवा.

गरज पडते ती वेगळ्या परिस्थितीत. घोडी ऐन भरात खेळते आहे आणि वर्षभर तिला थांबवता येत नाही. तिच्या कटिभागाला जुनी दुखापत आहे किंवा खुरांचा जुना आजार आहे, त्यामुळे पोटातलं वजन तिला झेपणार नाही. गर्भाशय खराब झालं आहे, पण बीज अजून चांगलं आहे. तिच्यापासून एकाच वर्षात दोन वेगळ्या घोड्यांची शिंगरं हवी आहेत. किंवा जातच दुर्मिळ झाली आहे आणि मोजक्या माद्यांपासून जास्त पिल्लं मिळणं जरुरीचं आहे. दोन वर्षांच्या तरुण घोडीपासूनही भ्रूण घेता येतो, म्हणून तिच्या वाढत्या अंगावर गर्भारपणाचा भार टाकावा लागत नाही.

सगळ्यात आधी काय तपासायचं?

नोंदणीचे नियम. घोडीच्या तपासणीच्याही आधी. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंश-नोंदवहीत, फक्त नैसर्गिक संयोगातून झालेलं शिंगरू नोंदवलं जातं. कृत्रिम रेतन, भ्रूण प्रत्यारोपण, क्लोनिंग (एका जनावराच्या पेशीपासून त्याची जनुकीय प्रत बनवणं), काहीही चालत नाही. बऱ्याच इतर जातींच्या संस्था भ्रूण प्रत्यारोपण मान्य करतात, पण त्यांच्या अटी असतात: भ्रूण काढण्याआधी कळवायचं, दाता घोडी आणि घोडा दोघांचा डीएनए नोंदवायचा, शिंगराची पालकत्व चाचणी करायची. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन भ्रूण प्रत्यारोपणाची शिंगरं नोंदवते, क्लोन मात्र नोंदवत नाही. त्यावर खटला झाला आणि २०१५मध्ये अपिलात न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. शिंगरू जन्मल्यावर ‘नोंद होत नाही’ असं कळणं फार क्लेशकारक असतं, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. लेखी नियम मागवून वाचा, तोंडी माहितीवर विसंबू नका.

घोडी म्हातारी आहे. तरी भ्रूण मिळेल का?

मिळू शकतो, पण आधी अडचण कुठे आहे ते शोधा. गर्भाशयाची अडचण आणि बीजाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भ्रूण प्रत्यारोपण फक्त पहिलीवर उपाय आहे.

गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासून त्याची प्रतवारी करतात. सर्वात खराब प्रतीच्या गर्भाशयात शिंगरू पूर्ण दिवस टिकून जन्मण्याची शक्यता सुमारे दहा टक्केच असते. अशा घोडीचा भ्रूण सातव्या दिवशी बाहेर काढून निरोगी गर्भाशयात ठेवला, तर तिचं शिंगरू बघायला मिळू शकतं. पण घोडी सगळी बीजं जन्मतःच घेऊन येते आणि तिच्याबरोबर तीही म्हातारी होतात. पंधरा वर्षांनंतर उतार जाणवू लागतो, विशीत तो ठळक होतो. अशा घोडीकडून भ्रूण कमी वेळा मिळतो, मिळालेला वाढीत मागे असतो आणि ग्राही घोडीत गेल्यावरही लवकर गळण्याची शक्यता जास्त असते. म्हणून म्हाताऱ्या घोडीचं गर्भाशय सातव्याऐवजी आठव्या दिवशी धुणं बरं.

घोडी बावीस वर्षांची झाल्यावर विचारायला येणारे मालक पाहून वाईट वाटतं. तीच घोडी चौदाची असताना चार-दोन भ्रूण गोठवून ठेवता आले असते.

एका माजात नेमका काय क्रम असतो?

घोडीचं ऋतुचक्र साधारण एकवीस-बावीस दिवसांचं असतं आणि त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर असते. माज सुरू झाला की सोनोग्राफीने रोज किंवा दिवसाआड फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली बीज असलेली पिशवी, मोजतात. तो ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला, गर्भाशयाच्या अस्तराला माजातली सूज आली आणि गर्भाशयमुख सैल झालं, की बीज सुटण्यासाठी एचसीजी किंवा डेस्लोरेलिन या हार्मोनचं इंजेक्शन देतात. त्यानंतर बहुतेक घोड्यांमध्ये ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं. रेतनाची वेळ त्यावर बेतायची.

बीज सुटल्याचा दिवस सोनोग्राफीने पक्का करणं अत्यावश्यक आहे. तो दिवस शून्य धरायचा. पुढचे सगळे दिवस त्यावरून मोजले जातात, आणि इथे एका दिवसाची चूक झाली तर ती शेवटपर्यंत सोबत येते. भ्रूण बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो तो सहाव्या दिवसाच्या सुमारास. त्याआधी गर्भाशय धुतलं तर हाती काही लागत नाही. घोडीची एक खासियत इथे सांगण्यासारखी आहे: फलित न झालेलं बीज तिच्या बीजवाहिनीतच अडकून राहतं. खाली उतरतो तो भ्रूणच, कारण तो स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई२ सोडून वाट मोकळी करून घेतो.

भ्रूण काढून झाल्यावर दाता घोडीला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. त्याने ती लवकर माजावर येते, आणि धुताना एखादा भ्रूण आत राहून गेला असेल तर ती नकळत गाभण राहण्याचा धोका टळतो. हे इंजेक्शन विसरू नका.

भ्रूण काढताना घोडीला त्रास होतो का?

हलकं गुंगीचं औषध देऊन, घोडीला खोड्यात उभं करून हे काम होतं. फुगा असलेली मऊ नळी गर्भाशयमुखातून आत घालतात. एका वेळी लिटरभर किंवा थोडं जास्त कोमट द्रावण आत सोडून बारीक जाळीच्या गाळणीतून परत घेतात, असं तीन-चार वेळा. आत गेलेलं जवळजवळ सगळं द्रावण बाहेर यायला हवं. गाळणीतलं पाणी काचेच्या थाळीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण शोधतात. सातव्या दिवसाचा भ्रूण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. आठव्या दिवशीचा कधीकधी नुसत्या डोळ्यांना टिंबासारखा दिसतो.

स्वच्छता पाळली तर घोडीला फारसा धोका नसतो. एका हंगामात पुन्हा पुन्हा धुतल्याने काही घोड्यांच्या गर्भाशयात पाणी साचतं किंवा संसर्ग होतो, म्हणून दर वेळी आधी सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ आहे ना, ते पाहायचं. प्रोस्टाग्लँडिननंतर घाम येणं, पोटात हलकी कळ येणं दिसतं. ते साधारण तासाभरात ओसरतं.

गायीत एका वेळी पुष्कळ भ्रूण मिळतात. घोडीत का नाही?

गायीला हार्मोन देऊन एकाच माजात अनेक बीजं सोडायला लावता येतात. घोडीचं अंडाशय आतून उलट्या रचनेचं असतं आणि बीज एकाच खोलगट जागेतून बाहेर पडतं. त्यात ती या हार्मोनना फारशी दादही देत नाही. म्हणून एका धुण्यात बहुधा एकच भ्रूण मिळतो, जुळी बीजं सुटणाऱ्या घोडीत क्वचित दोन. ‘एका खेपेत पाच भ्रूण काढून देतो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा.

ग्राही घोडी कशी निवडायची?

इथे घाई करू नका. बाजारात स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली घोडी महागात पडते.

वय चार ते दहाच्या दरम्यान असावं. आधी एखादं शिंगरू सुखरूप विऊन वाढवलेली घोडी सर्वात भरवशाची. अंगाने ती दाता घोडीएवढी किंवा थोडी मोठी असावी. १९३८मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर आणि ठेंगण्या शेटलँड जातीचे संकर कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी करून पाहिले. शेटलँड आईच्या पोटी आलेलं शिंगरू शायर आईच्या शिंगरापेक्षा खूपच लहान जन्मलं. आईचं गर्भाशय शिंगराच्या वाढीला मर्यादा घालतं, हे त्यातून स्पष्ट झालं. पुढे केंब्रिजच्या भ्रूण प्रत्यारोपणाच्या प्रयोगांनीही तेच दाखवलं. मोठ्या जातीचा भ्रूण लहान घोडीत ठेवला तर शिंगरू अशक्त येऊ शकतं. उलट लहान भ्रूण फार मोठ्या घोडीत ठेवला तर शिंगरू गरजेपेक्षा मोठं होतं.

स्वभाव हा मुद्दा लोक सोडून देतात. शिंगरू पहिले पाच-सहा महिने तिच्याकडूनच शिकतं. माणूस दिसला की कान मागे टाकणाऱ्या घोडीचं शिंगरूही माणसाला बिचकायला शिकतं. लाख मोलाच्या रक्ताचं शिंगरू चिडक्या घोडीच्या हवाली करणं मला कधीच पटलेलं नाही. तिची कास तपासा, दोन्ही सड मोकळे आहेत ना बघा. आधीच्या वेळी दूध पुरेसं होतं का, ते विचारा.

मग गर्भाशय. सोनोग्राफीत पाणी नको, मोठे सिस्ट (पाणी भरलेल्या गाठी) नकोत, ऋतुचक्र नियमित हवं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे वेळेचा मेळ. दाता घोडीचं बीज सुटलं त्याच दिवशी, किंवा त्यानंतर एक ते तीन दिवसांत, ग्राही घोडीचं बीज सुटलेलं असावं. तिचं बीज दाता घोडीच्या एक दिवस आधी सुटलेलं असलं तरी बऱ्याचदा चालतं, पण त्याहून आधी नको. कारण गर्भाशयाचंही वेळापत्रक असतं. भ्रूण आपण पोटात असल्याची खूण वेळेवर पटवू शकला नाही, तर ग्राही घोडीचं शरीर गर्भ नाही असं समजून पुढच्या माजाच्या तयारीला लागतं. गर्भाशय थोडं मागे असेल तर भ्रूण जुळवून घेतो. फार पुढे गेलेलं असेल तर त्याला ते गाठता येत नाही.

हा मेळ एकाच घोडीवर अवलंबून ठेवता येत नाही. एका दाता घोडीमागे दोन-तीन ग्राही घोड्या तयार ठेवतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तपासून त्यातली उत्तम निवडतात: गर्भाशय घट्ट, गर्भाशयमुख बंद, पीतपिंड (बीज सुटलेल्या जागी अंडाशयात तयार होणारा पिंड) ठळक. या तिन्ही खुणा चांगल्या नसतील तर त्या घोडीत भ्रूण ठेवू नका, मग तारीख कितीही जुळत असो.

ग्राही घोडी माजावर येतच नसेल, तर प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन किंवा त्याच्यासारखं अल्ट्रेनोजेस्ट देऊन तिलाही तयार करता येतं. मात्र हे औषध साधारण १२० दिवसांपर्यंत न चुकता द्यावं लागतं. तोपर्यंत नाळेतून तयार होणारे हार्मोन जबाबदारी घेतात. मधेच एखाद-दोन दिवस खंड पडला तरी गर्भ जाऊ शकतो. घोडीचं गर्भाशय किती सामावून घेऊ शकतं, याचं एक उदाहरण म्हणजे १९८४मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात क्वार्टर हॉर्स घोडीच्या पोटी झेब्र्याचं पिल्लू सुखरूप जन्मलं होतं.

भ्रूण सोडल्यावर गाभण आहे हे कधी कळतं?

बीज सुटल्यापासून बाराव्या ते चौदाव्या दिवशी सोनोग्राफीत पहिली खूण दिसते, म्हणजे प्रत्यारोपणानंतर पाच-सात दिवसांत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदयाचे ठोके दिसतात. पस्तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशीची तपासणी टाळू नका. पस्तीस दिवसांनंतर गर्भाशयाच्या अस्तरात एंडोमेट्रियल कप, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या वाटीसारख्या गाठी, तयार होतात. त्यानंतर गर्भ गेला तरी ते हार्मोन सोडत राहतात आणि घोडी साधारण चार महिन्यांचा काळ उलटेपर्यंत नीट माजावर येत नाही. म्हणून शंका असेल तर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय पस्तिसाव्या दिवसाआधी घ्यायचा, नाहीतर ती ग्राही घोडी त्या हंगामापुरती हातची गेली असं समजा.

यशाचे आकडे खरे किती?

तरुण, चांगल्या घोडीत ताज्या वीर्यावर शंभर वेळा गर्भाशय धुतलं तर साठ-सत्तर वेळा भ्रूण मिळतो. म्हाताऱ्या किंवा अडचणीच्या घोडीत हे प्रमाण तीस-चाळीस किंवा त्याहून कमी. चांगल्या केंद्रात सोडलेल्या शंभर भ्रूणांपैकी सत्तर ते ऐंशी रुजतात, आणि त्यातले काही पुढच्या दोन महिन्यांत गळतात.

आता हे एकापुढे एक मांडा. साठ टक्के वेळा भ्रूण मिळाला आणि त्यातले पंचाहत्तर टक्के रुजले, तर शंभर माजांतून पंचेचाळीस गाभण घोड्या. गळती धरली की चाळीसच्या आसपास. म्हणजे तरुण घोडीतसुद्धा एका खात्रीच्या शिंगरासाठी दोन-तीन माजांची तयारी ठेवावी लागते. केंद्राने ‘ऐंशी टक्के यश’ सांगितलं तर ते कशाचे ऐंशी, हे विचारा: सोडलेल्या भ्रूणांचे, की धुतलेल्या घोड्यांचे? गाभण धरलं ते चौदाव्या दिवशी, की पंचेचाळिसाव्या? चांगलं केंद्र याचं सरळ उत्तर देतं.

वीर्य ताजं, थंड की गोठलेलं?

ताजं सर्वात सोपं. चांगल्या घोड्याचं ताजं वीर्य घोडीच्या शरीरात दोन दिवस किंवा जास्तही टिकतं, म्हणून वेळेत थोडी ढील चालते. पाच अंशांवर थंड करून पाठवलेलं वीर्य बीज सुटण्याच्या आधीच्या चोवीस तासांत द्यावं. गोठलेल्या वीर्याला सवलत फार कमी: बीज सुटण्याआधी बारा तास ते सुटल्यानंतर सहा तास, एवढ्याच वेळात ते आत जायला हवं. त्यासाठी रात्री-अपरात्री दर सहा तासांनी सोनोग्राफी करावी लागते. वितळवल्यावर पुढे जाणारे शुक्राणू किती, हे खरेदीआधी मागा. सर्वसाधारण अपेक्षा तीस टक्क्यांची आणि एका मात्रेत किमान २५ कोटी चांगल्या शुक्राणूंची असते. एकाच घोड्याचं वीर्य ताजं उत्तम आणि गोठलेलं निकामी, असंही बऱ्याचदा आढळतं.

भ्रूण दूर पाठवता येतो का? गोठवून ठेवता येतो का?

दोन्ही येतं. पाच अंशांवर, योग्य द्रावणात भ्रूण चोवीस तास सुखरूप राहतो, म्हणून घोडी पाठवण्यापेक्षा भ्रूण पाठवणं सोयीचं. गोठवायचं असेल तर आकार आडवा येतो. ३०० मायक्रॉनहून (०.३ मिलिमीटरहून) लहान भ्रूण चांगले गोठतात. त्याहून मोठ्यात पाणी जास्त असतं आणि भोवतीचं चिवट कवच गोठणरोधक द्रव्याला आत शिरू देत नाही. त्यामुळे गोठवायचं आधीच ठरलं असेल तर साडेसहाव्या दिवशी धुतात, किंवा मोठ्या भ्रूणातलं पाणी सूक्ष्म सुईने काढून मग गोठवतात. दुसरं काम नाजूक आहे. सराव असलेल्या हातीच ते द्यावं.

ओपीयू-इक्सी काय आहे, आणि ते केव्हा निवडावं?

ओपीयू म्हणजे अंडाशयातून बीजं शोषून घेणं आणि इक्सी म्हणजे बीजात थेट शुक्राणू सोडणं. यात भ्रूण घोडीच्या पोटात तयार होत नाही. सोनोग्राफीच्या मदतीने योनिमार्गातून सुई घालून अंडाशयातली कच्ची बीजं शोषून घेतात. प्रयोगशाळेत ती दिवसभर पक्व करतात, प्रत्येक पक्व बीजात सूक्ष्म सुईने एकेक शुक्राणू सोडतात आणि सात ते दहा दिवस वाढवून भ्रूण मिळवतात. तो बहुतेकदा गोठवून ठेवतात आणि ग्राही घोडी तयार झाली की सोडतात. कच्ची बीजं साध्या खोलीच्या तापमानाला रात्रभर राहू शकतात, म्हणून ती दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात.

हे निवडावं असे तीन प्रसंग मला पटतात. घोडीचं गर्भाशय किंवा बीजवाहिनी इतकी बिघडली आहे की धुऊन काही मिळत नाही. घोड्याचं वीर्य अगदी थोडं उरलं आहे. इक्सीला गोठलेल्या वीर्याच्या कांडीचा (बारीक नळीचा) छोटा तुकडासुद्धा पुरतो. किंवा घोडीला माजाचं वेळापत्रक पाळणं शक्य नाही, कारण बीजं हंगामाबाहेरही शोषता येतात. केवळ नवं तंत्र आहे म्हणून तरुण, नीट भ्रूण देणाऱ्या घोडीला सुईखाली नेऊ नये. चांगल्या प्रयोगशाळेतही एका सत्रामागे सरासरी एक-दोन भ्रूण हाती येतात, कधी एकही नाही. आणि आत सुई जाते तेव्हा रक्तस्राव, संसर्ग, क्वचित गुदाशयाला इजा असे धोके असतातच. दोन सत्रांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात.

शुक्राणू आणि बीज थाळीत नुसते एकत्र ठेवून होणारं साधं आयव्हीएफ घोड्यांत दशकानुदशकं जमत नव्हतं. १९९०च्या सुमारास फ्रान्समध्ये एक-दोन शिंगरं झाली, पण ती पद्धत पुन्हा हुकमी ठरली नाही. २०२२मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शुक्राणूंना बीजाशी भेट घडवण्याआधी सुमारे बावीस तास विशिष्ट द्रावणात ठेवलं आणि ते पुन्हा पुन्हा जमून आलं. शिंगरंही जन्मली. ही वाट अजून नवी आहे.

घोडी किंवा घोडा अचानक दगावला तर काही वाचवता येतं का?

कधीकधी येतं, पण तास मोजावे लागतात. घोडीची अंडाशयं लवकरात लवकर काढून प्रयोगशाळेत पोहोचवली तर त्यातल्या बीजांपासून इक्सीने भ्रूण मिळू शकतात. घोड्याचे वृषण थंड ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवले तर वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणातले शुक्राणू काढून गोठवता येतात. दुःखाच्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून मौल्यवान जनावर असेल तर जवळच्या अशा प्रयोगशाळेचा क्रमांक आणि अंडाशय कोणत्या तापमानाला पाठवायचं याची सूचना पशुवैद्याकडे आधीच देऊन ठेवा.

क्लोनिंगबद्दल काय मत?

२००३च्या मे महिन्यात अमेरिकेत आयडाहो जेम हे खेचर क्लोनिंगने जन्मलं, आणि त्याच महिन्यात इटलीतल्या क्रेमोना इथे प्रोमेटिया ही पहिली क्लोन घोडी. गंमत म्हणजे प्रोमेटिया ज्या घोडीच्या पेशीपासून बनली, तिच्याच पोटी वाढली. क्लोनिंगचा खरा उपयोग मला दिसतो तो खच्ची केलेल्या श्रेष्ठ घोड्यांचं रक्त पुढे नेण्यात. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचा विजेता पिएराझ खच्ची होता. त्याचा क्लोन २००५मध्ये पैदाशीसाठीच जन्माला घातला गेला. दुर्मिळ जातींनाही हे उपयोगी आहे: १९८०मध्ये गोठवलेल्या पेशींपासून प्रेझवाल्स्की घोड्याचा क्लोन २०२०मध्ये जन्मला.

पण क्लोन म्हणजे तोच घोडा नव्हे. मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेरचा थोडा डीएनए) ज्या घोडीचं बीज वापरलं तिचा येतो. पोटातलं पोषण, संगोपन, शिक्षण सगळं वेगळं असतं. गर्भ गळण्याचं प्रमाण मोठं आहे आणि जन्मलेल्या काही शिंगरांना नाळेचे, पायांच्या स्नायुबंधांचे आणि अशक्तपणाचे त्रास होतात. त्यांना पहिले दिवस जागून सांभाळावं लागतं. अश्वक्रीडेची आंतरराष्ट्रीय संस्था एफईआय २०१२पासून क्लोन घोड्यांना स्पर्धेत उतरू देते, पण जातींच्या अनेक स्टड बुकांची दारं बंदच आहेत.

भ्रूणाबरोबर रोग येऊ शकतात का?

भ्रूण अनेक वेळा धुतल्याने धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. दाता घोडी, ग्राही घोडी आणि पैदाशीचा घोडा तिघांची संसर्गजन्य रोगांसाठी आधी तपासणी करा. इक्वाइन व्हायरल आर्टेरायटिस या विषाणूजन्य रोगाचा वाहक घोडा बाहेरून धडधाकट दिसतो आणि वीर्यातून विषाणू देत राहतो. आनुवंशिक आजारांसाठी दोन्ही पालकांची जनुकीय चाचणी वेगळी करायची असते. भ्रूण धुतल्याने त्यात काही फरक पडत नाही.

ग्राही घोडीच्या मालकाशी करारात काय लिहून घ्यावं?

गाभण घोडी कितव्या दिवशी ताब्यात येणार, त्यानंतर गर्भ गेला तर नुकसान कोणाचं, खुराक आणि औषधोपचार कोण करणार, दूध तुटल्यावर घोडी परत द्यायची की ठेवायची, गोठवलेले जादा भ्रूण कोणाचे. आणि घोडीचा मायक्रोचिप क्रमांक. एका कुरणात सारख्या रंगाच्या चार ग्राही घोड्या असल्या की चुका होतात.

विण्याच्या वेळी वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि ती आधीच्या महिन्यापासून. शिंगराला रोगप्रतिकारशक्ती मिळते ती ग्राही घोडीच्या चिकातून. दाता घोडीला दिलेल्या लसींचा त्याला काही उपयोग नाही. म्हणून ग्राही घोडीच्या लसी विण्याआधी चार ते सहा आठवडे पूर्ण करा आणि जिथे ती विणार आहे तिथेच तिला महिनाभर आधी आणून ठेवा, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची तयारी तिच्या चिकात उतरते.

शिंगराचा रक्तगट दाता घोडी आणि घोडा यांच्याकडून येतो. ग्राही घोडीच्या रक्तात पूर्वीच्या वितांमुळे किंवा तिला रक्त चढवल्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतील, तर चीक प्यायल्यावर शिंगराच्या लाल पेशी फुटू शकतात. विण्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत तिच्या रक्ताची चाचणी केली तर हे आधीच कळतं. मग पहिला दीड दिवस शिंगराला तिच्या कासेपासून दूर ठेवून दुसऱ्या घोडीचा साठवलेला चीक बाटलीने पाजायचा, आणि तेवढा वेळ तिची कास पिळून रिकामी करत राहायची. एरवी शिंगरू दोन तासांत कासेला लागलं पाहिजे. चोवीस तासांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी करून घ्या. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ठीक. कमी असेल तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.